वाळूखालची तळी

मुंबईहून जेद्दाह किंवा मदिनेकडे निघालेले विमान ओमानचा किनारा ओलांडून पुढे गेले की खिडकीतून बराच वेळ एकच रंग दिसत राहतो. पिवळट-तांबूस वाळू, तिच्यावर वाऱ्याने उमटवलेल्या रेघा आणि मधूनच एखादा सरळसोट रस्ता. हजहून परतलेली मंडळी हे वर्णन हमखास करतात. आमच्या वाचकांपैकी कितीतरी घरांतले कोणी ना कोणी रियाध, दम्माम, मस्कत किंवा दुबईला कामाला आहे. त्यांनी पाठवलेल्या फोटोंतही मागे हीच वाळू असते. अरबस्तान म्हणजे वाळवंट आणि ते पूर्वीपासून असेच, हे त्यामुळे आपण सगळेच गृहीत धरून चालतो.

पण याच वाळूत टेकड्यांच्या मधल्या सखल भागांत काही ठिकाणी पांढरे पट्टे दिसतात. चुन्याचे पोते फुटून सांडावे तसे. जवळ जाऊन पाहिले तर तो खडूसारखा मऊ, भुसभुशीत थर असतो आणि त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंच्या शंखांचे तुकडे सापडतात. हे तळ्यांचे तळ आहेत. तळी आटून हजारो वर्षे झाली, वाळू त्यांच्यावर चढली, काही ठिकाणी वाऱ्याने ती पुन्हा उडवून नेली आणि तळ उघडे पडले. या तळ्यांचे पाणी कधी चढले नि कधी उतरले याचा हिशेब गेल्या पंधरा-वीस वर्षांत बराच लागला आहे. त्याच्याबरोबर आणखी एक हिशेब लागत चालला आहे : त्यांच्या काठी माणूस कधी आला आणि कधी नाहीसा झाला.

अरबस्तानात दोन मोठी वाळवंटे आहेत. दक्षिणेला रुब अल-खाली, म्हणजे 'रिकामा चौथा हिस्सा'. त्याचे क्षेत्रफळ साधारण साडेसहा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक. उत्तरेला हाईल शहराच्या पलीकडे नफूद. ते बरेच लहान, सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर, पण त्याची वाळू तांबडी आणि टेकड्या उंच. तळ्यांच्या खुणा दोन्हीकडे आहेत.

रुब अल-खालीतल्या खुणा बाहेरच्या जगाला पहिल्यांदा ठळकपणे सांगितल्या त्या हॅरी सेंट जॉन फिल्बी या इंग्रज प्रवाशाने. फिल्बीने १९३० साली इस्लाम स्वीकारला, तो अब्दुल्ला झाला आणि १९३२ साली उंटांचा काफिला घेऊन तो रुब अल-खालीत शिरला. त्याला वाळूत गडप झालेले एक दंतकथेतले शहर शोधायचे होते. शहर मिळाले नाही. ज्या जागी ते असल्याचे सांगत होते तिथे आकाशातून पडलेल्या उल्केने केलेले खड्डे निघाले. मात्र वाटेत त्याला गोड्या पाण्यातले शिंपले आणि माणसाने घडवलेली गारगोटीची हत्यारे मिळाली. आम्हाला विचाराल तर शहरापेक्षा ही मिळकत मोठी होती.

पुढे १९७० च्या दशकात हॅल मॅक्लुअर या तेल कंपनीतल्या भूगर्भशास्त्रज्ञाने रुब अल-खालीतली अशी पुष्कळ तळी शोधून काढली. नजरानच्या पूर्वेला मुंदाफान नावाची जागा आहे, तिथल्या तळाशी मोठमोठ्या जनावरांची हाडे होती. मॅक्लुअरने १९७६ मध्ये जाहीर केले की ही तळी दोन वेळा भरली : एकदा सुमारे ३६ ते १७ हजार वर्षांपूर्वी आणि नंतर ९ ते ६ हजार वर्षांपूर्वी. त्याचा दुसरा आकडा टिकला. पहिला टिकला नाही. कार्बनच्या पद्धतीला इतक्या जुन्या शिंपल्यांचे वय नीट सांगता येत नाही. नव्या पद्धतीने मोजल्यावर मुंदाफानचे ते जुने तळे ८० हजार ते एक लाख वर्षांपूर्वीचे निघाले.

ही नवी पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. वाळूच्या कणावर ऊन पडते तेव्हा त्याच्यात साठलेली ऊर्जा निघून जाते, पाटी कोरी होते. मग तो कण दुसऱ्या वाळूखाली किंवा तळ्याच्या गाळाखाली गाडला गेला की भोवतालच्या खडकमातीतल्या नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे त्याच्यात पुन्हा थोडी थोडी ऊर्जा साठू लागते. संशोधक अंधारात, उजेड लागू न देता, नळीत भरून ती वाळू काढतात आणि प्रयोगशाळेत तिच्यावर विशिष्ट प्रकाश टाकतात. कण साठवलेली ऊर्जा मंद प्रकाशाच्या रूपाने परत देतो. जितका उजेड जास्त, तितका तो कण जास्त काळ अंधारात होता. म्हणजे त्या कणाने शेवटचा सूर्य कधी पाहिला, हे कळते.

तळ्याची पातळी कळते ती गाळाच्या थरांवरून. पाणी खोल आणि गोडे असेल तर तळाशी पांढरा चुनखडीचा बारीक गाळ बसतो आणि त्यात डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाची काचेसारखी कवचे सापडतात. काही डायटम फक्त गोड्या पाण्यात वाढतात, काहींना खारे पाणी लागते, त्यामुळे नुसत्या कवचांवरून पाण्याची चव ओळखता येते. पाणी आटू लागले की ते खारे होते, गाळात जिप्सम आणि मीठ उतरू लागते. अरब लोक अशा खारवट पटांगणाला सबखा म्हणतात. त्याच्यावर वाळूचा थर आला की तळे संपले. मग पुन्हा वर पांढरा थर दिसला तर समजावे, हजारो वर्षांनी पाणी परत आले.

नफूदमधले खल अमैशान हे ठिकाण असे एकावर एक रचलेले थर दाखवते. वाळूच्या टेकड्यांमधल्या एकाच खोलगट जागेत तळे पुन्हा पुन्हा भरले आणि आटले. ह्यू ग्रूकट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात या जागेची हकिकत प्रसिद्ध केली. तळ्यांच्या थरांबरोबर दगडी हत्यारे सापडली ती पाच वेगवेगळ्या काळांतली. सुमारे ४ लाख, ३ लाख आणि २ लाख वर्षांपूर्वीची, मग १ लाख ३० हजार ते ७५ हजार वर्षांच्या दरम्यानची (यातली काही तिथल्या खल अमैशानला नव्हे, तर जुब्बा या भागात मिळाली) आणि शेवटी ५५ हजार वर्षांपूर्वीची.

सर्वांत बोलकी गोष्ट अशी की या पाच वेळची हत्यारे एकमेकांसारखी नाहीत. पहिल्या वेळची माणसे हातात मावणारी, दोन्ही बाजूंनी छिलून केलेली बदामी आकाराची हातकुऱ्हाड वापरत. नंतरच्यांनी आधी दगडाचा गाभा तयार करून त्यातून हवी तशी पात काढण्याची रीत आणली, आणि त्या रीतीतही दर वेळी फरक. बापाने मुलाला, मुलाने नातवाला शिकवत आणलेली कला असती तर तिची साखळी दिसली असती. इथे साखळी तुटलेली आहे. तळे भरले की कोणी तरी येत होते, आणि ते आटले की त्यांचा वंश तिथे उरत नव्हता. पुढच्या वेळी पाणी आले तेव्हा आलेली माणसे वेगळी होती, कदाचित मानवाची जातही वेगळी होती. मधल्या हजारो वर्षांच्या वाळूच्या थरांत हत्यारे नाहीत.

पाणी आणले कोणी?

आता प्रश्न असा की वाळवंटात एवढा पाऊस आला कुठून? उत्तर आपल्या फार ओळखीचे आहे. सलालाहला राहून आलेल्यांना ठाऊक असेल, जून ते सप्टेंबर या काळात ओमानच्या त्या कोपऱ्यात धुके उतरते, झिमझिम पाऊस पडतो आणि डोंगर हिरवे होतात. तिथले लोक या दिवसांना 'खरीफ' म्हणतात. आपल्या शेतकऱ्याचा खरीप हंगाम आणि सलालाहचा खरीफ हा शब्दही एकच आणि वारेही एकच : रत्नागिरी-रायगडला झोडपणारे नैऋत्य मोसमी वारे. आज हे वारे सलालाहच्या डोंगरांना नुसते चाटून जातात, आत शिरत नाहीत.

ते आत शिरत होते असे काही काळ होऊन गेले. पृथ्वी भोवऱ्यासारखी डुलते आणि तिची सूर्याभोवतीची वाटही थोडी लांबट आहे. आज पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपल्या थंडीत. पण हा दिवस स्थिर नाही. तो हळूहळू सरकत साधारण २१ ते २३ हजार वर्षांत पूर्ण फेरी मारतो. सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी पृथ्वी ऐन उन्हाळ्यात सूर्याजवळ होती. त्यामुळे उत्तर गोलार्धातले उन्हाळी ऊन आजच्यापेक्षा सात-आठ टक्क्यांनी प्रखर होते. जमीन जास्त तापली, तिच्यावरची हवा वर उठली आणि समुद्रावरची ओली हवा जास्त जोराने, जास्त उत्तरेपर्यंत ओढली गेली. सर्बियाचे गणिती मिलुटिन मिलांकोविच यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, कागद-पेन्सिलीने, वर्षानुवर्षे हे उन्हाचे हिशेब मांडले. कक्षा जास्त लांबट असते तेव्हा हा परिणाम आणखी वाढतो. सव्वा लाख वर्षांपूर्वी तसे झाले होते आणि त्या वेळचे अरबस्तान नंतरच्या कुठल्याही काळापेक्षा ओले होते.

ओमानमधल्या होती नावाच्या गुहेने याची साक्ष दिली आहे. छतातून पाणी ठिबकते तेव्हाच गुहेत चुनखडीचे खांब वाढतात. पाऊस थांबला की वाढही थांबते. होती गुहेतले खांब टप्प्याटप्प्यांनी वाढले आहेत आणि ते टप्पे तळ्यांच्या काळांशी जुळतात. सौदी अरबस्तानातल्या सात गुहांमधल्या अशाच खांबांवरचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, तो तर ही ओल्या काळांची मालिका ८० लाख वर्षे मागे नेतो.

उत्तरेकडच्या नफूदला पाणी नेमके कुठले मिळाले याबद्दल मात्र अभ्यासकांत वाद आहे. कोणी म्हणतात आफ्रिकेवरचा मोसमी पाऊस तांबडा समुद्र ओलांडून आला, कोणी भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या हिवाळी पावसाकडे बोट दाखवतात. तळी म्हणायची की पाणथळ जागा, यावरही वाद झाला. २०१५ मध्ये काही शास्त्रज्ञांनी मांडले की यांतली बरीच ठिकाणे खोल तळी नसून भूजलावर पोसलेल्या दलदली असाव्यात. असे वाद होणे चांगले. त्यामुळेच मग लोक पुन्हा जाऊन गाळ तपासतात.

चिखलातले पाय

गाळ तपासता तपासता २०१७ मध्ये नफूदच्या पश्चिम भागात संशोधकांना एका जुन्या तळ्याच्या उघड्या पडलेल्या तळावर पाऊलखुणा दिसल्या. एक-दोन नव्हे, पावणेचारशे. उंटांच्या, हत्तींच्या, घोड्यासारख्या जनावरांच्या, रानरेड्यांच्या. आणि त्यांत सात निश्चितपणे माणसाच्या. मॅथ्यू स्ट्युअर्ट आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये याचा अहवाल प्रसिद्ध केला. वय निघाले १ लाख १२ हजार ते १ लाख २१ हजार वर्षे. त्या जागेला नाव दिले 'अल-अथर'. अरबीत अथर म्हणजे माग, ठसा. आपण बोलण्यात 'औषधाचा असर झाला' म्हणतो तो असर हाच शब्द, आणि उर्दूत पुरातत्त्वाला आसार-ए-कदीमा म्हणतात तेही याच मुळातून.

हाड वाहून जाऊ शकते, हत्यार कोणी उचलून दुसरीकडे टाकू शकते. पाऊल मात्र जिथे पडले तिथेच असते, आणि चिखलातले पाऊल फार दिवस राहत नाही. आजच्या चिखलात केलेल्या प्रयोगांत दिसले की दोन दिवसांत ठशाचे बारकावे पुसले जातात आणि चार दिवसांत तो ओळखू येईनासा होतो. म्हणजे अल-अथरच्या काठावर हत्ती, उंट आणि माणसे थोड्याच अवधीच्या अंतराने, कदाचित एकाच दिवशी येऊन गेली. सातपैकी चार पावले एकाच दिशेने, जवळजवळ आणि निरनिराळ्या आकारांची आहेत; त्यावरून दोन-तीन माणसे बरोबर चालत होती असा अंदाज आहे.

ती तिथे राहिली नाहीत. तळावर हत्यारे नाहीत, हाडांवर कापल्याच्या खुणा नाहीत. पाणी कमी झालेले होते, कडेचा चिखल उघडा पडला होता, आणि आजूबाजूचा प्रदेश सुकत असताना उरलेल्या पाण्याकडे सगळेच वळले होते. ज्यांनी आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत आटत चाललेल्या तलावाच्या कडेला गुरांच्या, कोल्ह्या-कुत्र्यांच्या आणि माणसांच्या पावलांची सरमिसळ पाहिली आहे त्यांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही.

अल-अथरपासून फार दूर नसलेल्या अल-वुस्ता या दुसऱ्या तळ्यावर २०१६ मध्ये एक हाड मिळाले. माणसाच्या बोटाच्या मधल्या पेराचे, जेमतेम सव्वातीन सेंटिमीटर लांबीचे. आकाराने ते आपल्यासारख्याच माणसाचे, होमो सेपियनचे, ठरले. हाडाचेच थेट कालमापन केल्यावर वय सुमारे ८८ हजार वर्षे निघाले. आफ्रिका आणि शाम मुलुख वगळता आपल्या जातीच्या माणसाचे, थेट वय मोजलेले, तोपर्यंतचे हे सर्वांत जुने हाड. त्याच्याबरोबर दगडी हत्यारे होती, गोड्या पाण्यातले शंख होते आणि पाणघोड्याची हाडे होती.

पाणघोडा महत्त्वाचा आहे. हा प्राणी दिवसभर पाण्यात बुडून राहतो, त्याची कातडी उन्हात टिकत नाही, आणि रात्री तो चरायला बाहेर पडतो. पावसाळ्यापुरते भरणारे डबके त्याला चालत नाही. जिथे पाणघोडा आहे तिथे बारमाही पाणी आणि काठावर भरपूर गवत असलेच पाहिजे. शिवाय तो आफ्रिकेतून नफूदपर्यंत पोहोचला याचा अर्थ मधल्या वाटेवरही पाण्याची ठिकाणे होती. माणूस त्याच वाटेने आला.

या बोटाच्या पेराने एक जुनी मांडणी हलवली. आफ्रिकेतून माणूस सुमारे ६० हजार वर्षांपूर्वी एकदाच निघाला आणि समुद्राच्या कडेकडेने, अरबस्तानचे पोट टाळून, हिंदुस्थानकडे गेला, असे पुष्कळ वर्षे सांगितले जात होते. आता दिसते की तो त्याआधीही आला होता आणि वाळवंटाच्या आतपर्यंत आला होता, कारण तेव्हा ते वाळवंट नव्हते. शारजातल्या जबल फाया येथली हत्यारे तर सव्वा लाख वर्षांपूर्वीची आहेत. हे काम चालवणाऱ्या 'ग्रीन अरेबिया' या प्रकल्पाचे प्रमुख मायकल पेट्राग्लिया यांनी त्याआधी आंध्र प्रदेशात तेव्हाच्या कर्नूल जिल्ह्यातल्या ज्वालापुरम येथे बरीच वर्षे उत्खनन केले आहे. अरबस्तानात जे आले त्यांतले काही पुढे आपल्या बाजूला आले का, हा प्रश्न त्यामुळे त्यांच्या मनात आधीपासूनच असणार.

गाईंचे अरबस्तान

सर्वांत अलीकडचा ओला काळ आपल्याला जास्त जवळचा, कारण त्यातल्या माणसांनी चित्रे ठेवली. नफूदच्या दक्षिण भागात जुब्बा नावाचे गाव आहे, हाईलच्या वायव्येस. गावाच्या पश्चिमेला उम्म सिनमान हा डोंगर, दोन वशिंडांच्या उंटासारखा दिसणारा. पश्चिमेकडून येणारी वाळू तो अडवतो, त्यामुळे त्याच्या आडोशाला असलेली सखल जमीन कधी बुजली नाही. १८७९ साली लेडी ॲन ब्लंट ही इंग्रज बाई घोड्यावरून इथून हाईलला गेली, तेव्हाच तिच्या लक्षात आले होते की हे एखाद्या आटलेल्या तळ्याचे पात्र असावे. तिचा अंदाज अगदी बरोबर होता.

तळे परत येण्याच्या आधीच माणूस परत आला होता असे आता दिसते. नफूदच्या दक्षिण कडेच्या डोंगरांवर उंट, रानबकरे आणि रानगाढवे यांची खऱ्या आकाराची, काही तर तीन मीटर लांबीची कोरीव चित्रे सापडली आहेत. त्यांचा काळ सुमारे १२,८०० ते ११,४०० वर्षांपूर्वीचा. तेव्हा नुकतीच हंगामी पाण्याची डबकी भरू लागली होती. काही चित्रे उभ्या कड्यावर इतक्या अरुंद कपारीत आहेत की कोरणाऱ्याला मागे सरून आपले काम पाहताही आले नसेल.

मग १० हजार वर्षांपूर्वीपासून पाऊस वाढला. तैमाच्या सखल भागात तळे साचले, मुंदाफान पुन्हा भरले. रुब अल-खालीत एका तळ्याचा विस्तार १,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जवळजवळ पावणेदोन पट, आणि खोली ४२ मीटरपर्यंत गेली असावी असा अंदाज २०२५ मध्ये मांडला गेला. ते फुटून वाहिले तेव्हा त्याने दीडशे किलोमीटरची दरी कोरली असे त्या संशोधकांचे म्हणणे आहे. जुब्बा आणि शुवैमिस येथल्या खडकांवरची चित्रे बदलली. आधी शिकारी, त्यांच्याबरोबर कुत्रे, काही कुत्रे तर दोरीने कमरेला बांधलेले. सिंह. आणि नंतर गाई, लांब शिंगांच्या, पाठीवर ठिपके-पट्टे रंगवल्यासारखे कोरलेल्या. ही दोन्ही ठिकाणे २०१५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

गाय हा वाळवंटाचा प्राणी नव्हे. तिला रोज पाणी आणि भरपूर चारा लागतो. पण सात हजार वर्षांपूर्वी वायव्य अरबस्तानातले गुराखी शेकडो मीटर लांबीचे दगडी चौकोन बांधत होते. आज त्यांना 'मुस्ततील' म्हणतात, अरबीत आयत. असे हजाराहून अधिक चौकोन मोजले गेले आहेत आणि काहींच्या आत गाईबैलांची शिंगे रचून ठेवलेली सापडली. मदिनेच्या उत्तरेला सव्वाशे किलोमीटरवर हर्रत खैबर हा काळ्या लाव्हाचा प्रदेश आहे, आपल्या सह्याद्रीच्या कातळाचाच भाऊबंद. तिथल्या उम्म जिरसान नावाच्या दीड किलोमीटर लांब नैसर्गिक बोगद्यात गुराखी सावलीसाठी उतरत, मेंढ्या-शेळ्या-गाईंची चित्रे काढत. त्या परिसरातल्या जुन्या मानवी हाडांची तपासणी सांगते की पुढच्या काळात माणसांच्या जेवणात चराईच्या प्राण्यांच्या मांसाबरोबर गहू आणि फळे यांसारखे ओलिताखालचे अन्न वाढत गेले. ही हाडे आपल्याला पुढची गोष्ट सांगतात.

पाणी उतरले तेव्हा

साधारण सहा हजार वर्षांपूर्वी पृथ्वीची ती फेरी पुढे सरकली होती, उन्हाळी ऊन मंदावले, मोसमी वारे दक्षिणेकडे सरले. तळी एकेक करून सबखा झाली. या वेळी माणसे मात्र पूर्वीसारखी सगळीकडून नाहीशी झाली नाहीत. काही ठिकाणी झाली : आखाताच्या बाजूला, आजच्या अमिरातीच्या अंतर्भागात, सुमारे ५,९०० ते ५,३०० वर्षांपूर्वीच्या काळात वस्तीचा मागमूस फारच कमी मिळतो, पुरातत्त्वज्ञ त्याला 'अंधारे सहस्रक' म्हणतात. लोक किनाऱ्याकडे किंवा डोंगरांकडे गेले. जुब्बासारख्या जागी मात्र ती टिकून राहिली, कारण तळे आटले तरी त्याचे पाणी जमिनीखाली थोड्याच खोलीवर होते आणि तिथवर खणत जाणे त्यांना जमले.

आमच्या मते या सगळ्या कहाणीतला मोठा बदल हाच. चार लाख वर्षे माणूस पाण्याच्या पातळीबरोबर येत-जात होता. या वेळी पातळी खाली गेली तेव्हा तो तिच्यामागे जमिनीत उतरला. विहिरी आल्या, खजुरांच्या सावलीत शेती आली, तैमासारखी मरूद्याने आली. गाईची जागा पुढे उंटाने घेतली. साधारण तीन हजार वर्षांपूर्वी उंट माणसाळला. त्याच सुमारास ओमान-अमिरातीच्या डोंगरपायथ्यांशी 'फलज' खणले जाऊ लागले : डोंगराच्या पोटातले पाणी उतारावरून भुयारी पाटाने गावात आणणारी व्यवस्था, तिचा पंप म्हणजे नुसता जमिनीचा उतार. याच कुळातली विद्या सतराव्या शतकात मलिक अंबरने खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर), नहर-ए-अंबरीच्या रूपाने आणली. ज्यांनी ती पाहिली असेल त्यांनी ओमानचा फलजही थोडाफार पाहिला असे म्हणायला हरकत नाही.

फलज आणि हातविहिरी जमिनीतून हळूच पाणी घेत. अरबस्तानाच्या वालुकाश्मात खोल साठलेले पाणी बव्हंशी त्या ओल्या काळांतले, काही हजार ते काही दशहजार वर्षांपूर्वी मुरलेले आहे. आज वर्षाला जेवढे मुरते ते त्याच्या तुलनेत नगण्य. आपल्याकडे विहीर आटली तर पुढच्या चांगल्या पावसाळ्यात भरण्याची आशा असते. तिथे तशी ती नाही.

१९८० च्या दशकात सौदी सरकारने खोल कूपनलिका आणि गोल फिरणारे सिंचन यांच्या बळावर वाळवंटात गहू पिकवायला घेतला. हेतू चुकीचा म्हणता येणार नाही. देशाला आपली भाकरी आपण पिकवाविशी वाटणे साहजिक आहे. १९९२ पर्यंत उत्पादन ४० लाख टनांपर्यंत गेले आणि सौदी अरबस्तान चक्क गहू निर्यात करू लागला. त्या गव्हाबरोबर हजारो वर्षांपूर्वीचा पाऊसही जहाजांत भरून गेला. पाण्याची पातळी खाली खाली जाऊ लागल्यावर २००८ मध्ये सरकारने हे धोरण गुंडाळायचे ठरवले आणि २०१६ पर्यंत देशी गव्हाची खरेदी बंद केली. पूर्वेकडच्या अल-अहसा या मोठ्या मरूद्यानात ज्या झऱ्यांतून पाणी आपोआप उसळत असे, तिथे पंप बसले.

रियाधच्या दक्षिणेला सुमारे तीनशे किलोमीटरवर लैला नावाचे गाव आहे. त्याच्याजवळ खोल खळग्यांत भूजलावर भरलेली खरीखुरी तळी होती, अरबी द्वीपकल्पातले उघड्या पाण्याचे सर्वांत मोठे साठे. फिल्बी १९१८ मध्ये तिथून गेला होता. नंतरच्या काळात रियाधहून लोक सुटीत तिथे सहलीला आणि पोहायला जात. आजूबाजूच्या शेतांना पाणी उपसले जात राहिले आणि १९९० च्या दशकापर्यंत ती तळी आटली. आता ते खळगे कोरडे आहेत. त्यांच्या भिंतींवर, पूर्वी पाण्याखाली जिथे जिथे जिप्सम साठत गेले तिथे, पांढरे जाडजूड थर लोंबताना दिसतात, आणि पाणी शेवटी कुठपर्यंत होते ते त्यांच्यावरून अजूनही मोजता येते.